छापा थोरलीचा, काटा धाकटीचा

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मी माहेरी केली, कारण ती नव्या नवरीची असते आणि तिला कोणी अडवत नाही. त्यानंतरच्या पाच आखाज्या मी सासरी काढल्या. त्या पाचही वर्षी माझी थोरली जाऊ माहेरी गेली आणि मी चुलीपुढे बसून तिच्यावर जळत राहिले. हे आज सांगताना थोडी लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटत नव्हती.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजीचं वेड समजावून सांगणं अवघड आहे. दिवाळीला माहेरी नाही गेलं तरी चालतं, राखीला भाऊ घरी येऊन जातो. पण आखाजीला लेक माहेरी नसेल तर कडुनिंबाखालचा झोका रिकामा दिसतो आणि गल्ली विचारते, पोरगी आली नाही का? माझं माहेर भुसावळचं, रेल्वेच्या वसाहतीतलं. वडील रेल्वेत कारकून. आमच्या क्वार्टरसमोरच्या निंबाला दरवर्षी झोका बांधायचे आणि आम्ही चौघी मैत्रिणी त्यावरून उतरायचं नाव घ्यायचो नाही. सासर पारोळ्याजवळच्या खेड्यातलं, धाब्याच्या घराचं, शेतीचं. तिथं मी बी.एस्सी. झालेली सून म्हणून आले. जळगावच्या कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र शिकलेली. त्याचा उपयोग पाच-सहा वर्षं फक्त वाण्याची चिठ्ठी वाचण्यापुरता झाला.

आता आखाजीला सासरी दोन्ही नणंदा यायच्या. पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवायची, आणि घरभर माणसांना आमरस आणि खापरावरचे मांडे घालायचे. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण ती पोळपाटावर लाटून भागत नाही. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एकटीनं एवढं उरकत नसे. म्हणून दोन सुनांपैकी एक घरी हवीच. प्रश्न एवढाच, कोणती?

दुसऱ्या वर्षी मी सरळ सांगून टाकलं की मीही जाणार. जाऊबाई, मी त्यांना अक्का म्हणायचे, त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणंही मला तेव्हा लबाडी वाटली. मी म्हटलं, आलटून पालटून जाऊ, एक वर्ष त्या, एक वर्ष मी. आत्याबाईंनी नकाराची मान हलवली.

"पाळी लाई का हक्क व्हस. देव देस तो परसाद."

आणि त्यांनी देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया काढला. राणीछाप, त्यांच्या सासूच्या वेळचा, लक्ष्मीपूजनाला दुधानं धुतला जाणारा. चैत्री पौर्णिमेची पूजा झाली की तो उडवायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. छापा थोरलीचा, काटा धाकटीचा. हे कायमचं ठरलं, दरवर्षी मागायचं नाही. आखाजीला गावातले पुरुष झाडाखाली पत्ते कुटतात, तेव्हा बायकांनी घरात एक नाणं उडवलं तर त्यात वावगं काय?

उडवण्याचीही त्यांची एक रीत होती. रुपया कपाळाला लावायच्या, जेमतेम वीतभर वर उडवायच्या, मुठीत झेलायच्या आणि मुठीवर पदर घ्यायच्या. मग पदराखाली डोकावून बघायच्या आणि सांगायच्या. नाण्याच्या पहिल्याच वर्षी मी मान उंचावून पाहू लागले तर त्यांनी मूठ मागे घेतली. "देवनं नाणं शे, जमीनवर नही टाकतस."

"छापा! थोरली जाई."

पहिल्या वर्षी मी हसून साजरं केलं. दुसऱ्या वर्षी छापा. तिसऱ्या वर्षी छापा. चौथ्या वर्षी त्यांनी पदर उचलला तेव्हाच मला उत्तर माहीत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्का अमळनेरहून गाडीनं नरडाण्याला जायच्या. त्यांचा भाऊ तिथून कोसभर आत राहायचा. आईवडील नव्हते, एक भाऊ आणि भावजय. मी मनात म्हणायचे, आई नाही तर ही तिथं जाऊन करते काय? माझी आई भुसावळला जिवंत बसलीय, दाराकडे बघत, आणि मी इथं हिच्या नणंदांना, म्हणजे माझ्याही नणंदांना, मांडे वाढतेय.

सर्वांत जास्त डोळ्यांत खुपायच्या त्या अक्कांच्या बांगड्या. आखाजीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्या परत यायच्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्यागार काचेनं भरलेले असायचे. भाजी चिरताना, पाणी शेंदताना, भांडी घासताना त्या वाजायच्या. मी ओट्यावर बसून ऐकायचे. मला वाटायचं, त्या मुद्दाम हात जोरानं हलवतात. एकदा तर एक बांगडी पिचली तेव्हा मला बरं वाटलं. हे कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

पाचव्या वर्षीही छापाच. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आईचं नाणं खोटं आहे."

तो हसला. "चांदीचं शे ते."

"चांदीचं असेल. सारखं नाही. एका बाजूनं झिजलंय."

"मंग इचार ना तिले."

असं विचारता येत असतं तर मी जळत कशाला बसले असते? पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात कॉलेजातलं गणित फिरायला लागलं. नाणं खरं असेल तर पाच वेळा ओळीनं छापा पडण्याची शक्यता बत्तीसात एक. आमचे सर वर्गात म्हणायचे की दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. बत्तीस घरांत बत्तीस सासवा नाणी उडवत असतील तर त्यातल्या एखाद्या घरात पाच छापे पडण्यात नवल नाही, त्या घरातल्या धाकट्या सुनेनं ओरडून उपयोग नाही. आमच्या गावात बत्तीसपेक्षा कितीतरी जास्त घरं होती. पण ती धाकटी सून मीच का, याचं उत्तर सरांनी दिलं नव्हतं.

म्हणजे पाच उडवण्यांवरून काही सिद्ध होत नव्हतं. जास्त वेळा उडवायला हवं होतं. पुढच्या चैत्रात, पौर्णिमेला आठवडा राहिलेला असताना, मी देव्हाऱ्यातला रुपया कनवटीला लावला आणि कुरडयांवर लक्ष ठेवायच्या निमित्तानं घराच्या छतावर, धाब्यावर गेले. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. आत्याबाई खाली लवंडलेल्या, अक्का गहू निवडत बसलेल्या. मी गोधडीची घडी टाकली, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून घेतलं आणि उडवायला सुरुवात केली. छापा पडला की एका बाजूला रेघ, काटा पडला की दुसऱ्या बाजूला. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी.

हिशेब सोपा होता. शंभरात पन्नास छापे यायला हवेत. बरोबर पन्नास कधीच येत नाहीत, म्हणून दोन्हीकडे दहाची सूट द्यायची. चाळीस ते साठच्या आत आले तर नाण्याला बोल लावता येत नाही. बाहेर गेले तर शंका घ्यायला जागा आहे.

पहिल्या दिवशी सत्तेचाळीस छापे आले. छापा कमीच! म्हणजे नाणं झालंच तर माझ्या बाजूचं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, की घरातला देवाचा रुपया निर्दोष निघाला. मी इतकी चिडले की उठताना एक कुरडई पायाखाली चिरडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. चोपन्न.

तिसऱ्या दिवशी पुन्हा शंभर, आणि एकसष्ट! मी धाब्यावर एकटीच टाळी वाजवली. सापडली, चोरी सापडली. मग कॅलेंडरच्या पानाकडे बघता बघता माझी टाळी थंडावली. कारण पहिले दोन दिवस मी विसरायला तयार होते आणि तिसरा तेवढा धरून बसले होते. हवा तो आकडा येईपर्यंत उडवत राहायचं आणि आला की थांबायचं, याला परीक्षा म्हणत नाहीत. सरांनी अशा पेपरावर भोपळा दिला असता. मी तिन्ही दिवसांची बेरीज केली. तीनशेत एकशे बासष्ट छापे. दीडशेच्या अलीकडेपलीकडे सतरापर्यंत चालतं, हे तर बाराच निघाले. नाणं साफ होतं.

म्हणजे दोष नाण्यात नव्हता, माझ्या नशिबात होता. ते पटवून घेणं मला जड गेलं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून आत्याबाईंसारखंच उडवून पाहायचं ठरवलं. त्यांच्या हाताची काही खुबी असेल. कपाळाला लावला, वीतभर उडवला, मुठीत झेलला, मुठीवर पदर घेतला आणि पदराखाली डोकावले. काटा होता. आणि तशीच वाकलेली असताना मला उमगलं की हा काटा फक्त मला दिसतोय. धाब्यावर गाव जमलं असतं तरी त्यांना मी सांगेन तेच खरं मानावं लागलं असतं.

तीनशे वेळा मी नाणं तपासलं होतं. पाच वर्षांत एकदाही ते मला दिसलं नव्हतं, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नव्हतं. परीक्षेतल्या गणितात लिहिलेलं असतं, एक नाणं इतक्या वेळा उडवलं. ते कोणी उडवलं आणि कोणी पाहिलं, हे विचारायची सवयच नव्हती.

पौर्णिमेला पूजा झाली. आत्याबाईंनी रुपया उचलला. मी देव्हाऱ्यातलं तांब्याचं ताम्हन पुढे सरकवलं आणि शक्य तितक्या भाबड्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, यंदा ताम्हनात टाका. देवाचंच आहे, जमिनीला लागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, ते मी तीन-चार दिवस विचार करून काढूनच टाकलं होतं. त्यांनी रुपया उडवला. तो ताम्हनात पडला, गरगरला, खणखणला आणि आडवा झाला.

काटा.

मी लहान मुलीसारखी उडीच मारणार होते. अक्कांकडे पाहिलं, तोंड पडलेलं पाहायला मिळेल म्हणून. तर त्या हसत होत्या. उसनं नाही, अगदी गालभर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिंकूनही हिच्या तोंडावर मला हवं ते दिसू नये?

दुपारी आत्याबाई ताम्हन चिंचेनं घासत बसल्या होत्या. मी पाणी द्यायला गेले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "तुनी माय शे. ती बारा महिना तुले बलावस. थोरलीले फक्त भाऊ शे. येक साल नही गयी, ते तो इसरी जाई. नाणाले काय समजस?"

म्हणजे कबुली होती. पाच वर्षं त्या पदराखाली बघून त्यांना हवं ते सांगत होत्या. आईवेगळ्या सुनेचं माहेर तुटू नये म्हणून. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा हेवाच वाटला. माझ्यासाठी कोणी देवाच्या नाण्यावर खोटं बोललं नव्हतं. माझी आई जिवंत आहे, एवढाच माझा गुन्हा?

मी खोलीत जाऊन आत्तापासूनच पिशवी भरायला लागले. अक्का मागोमाग आल्या आणि साड्यांच्या घड्या घालून देऊ लागल्या. मी ताठच होते. म्हटलं, "यंदा तुमच्या भावाकडे कळवायला हवं."

"कळू दे त्याले," त्या म्हणाल्या. मग घडीवर हात फिरवत म्हणाल्या, "मी जास ना, तव्हय भावजाई तिना माहेरले जास. मंग चुल्हावर कोन? मीच."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी सावकाश सांगितलं. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या पोचल्या की संध्याकाळी भावजय आपली पोरं घेऊन तिच्या माहेरी निघून जायची. भावाचं घर, त्याचे पाहुणे, पितरांची घागर, मांडे, सगळं अक्का करायच्या. चार दिवसांनी भावजय झोका खेळून परत आली की यांची पाठवणी.

"पाच साल झोकाले हात नही लाया मी."

"आणि बांगड्या?"

त्यांनी हात उलटे करून पाहिले. तेव्हा त्यांच्या हातात रोजच्याच चार-चार होत्या. "त्या मी नरडाणाले टेसनवर भरी लेस. हात रिकामा दिसी, ते लोके इचारतस."

मी पिशवी सोडून खाली बसले. विचारलं, "मग सांगितलं का नाही कधी? मी दरवर्षी मागत होते, म्हणायचं होतं, हिला जाऊ द्या."

"माहेरनी गोट कोनले सांगू?" त्या म्हणाल्या. "माले ते आठेच ऱ्हावानं व्हतं. तिना जोडे. तू बठस ना तिना जोडे, मांडा टाकतस, हसतस दोन्ही जनी. मी तठे चुल्हाजोडे बशी तेच आठवू."

आठे म्हणजे इथं, आणि तिना जोडे म्हणजे आत्याबाईंच्या शेजारी. ज्या जागेवर बसून मी पाच आखाज्या हिच्या नावानं बोटं मोडली होती, तीच जागा ही तिकडे बसून माझ्याकडे मागत होती. खरंच की, आखाजीच्या पहाटेपासून आत्याबाई आणि मी त्या खापराशी बसायचो. त्यांनी माझे हात धरून मला मांडा झुलवायला शिकवलं होतं. माझा मांडा फाटेनासा झाला तेव्हा त्यांनी तो नणंदांना दाखवला होता. हे सगळं माझ्याकडे होतं आणि मी त्याला शिक्षा समजत होते.

भुसावळची आखाजी कशी झाली, हे सांगण्यासारखं फारसं नाही. चौघींपैकी एकच मैत्रीण आली होती. आईनं आवडीचं सगळं केलं, झोकाही बांधला होता. मी बसले, दोन झोके उंच घेतले. मग मनात आलं, आता तिकडे खापर तापलं असेल, अक्कांचा पहिला मांडा फाटला असेल आणि आत्याबाई म्हणत असतील, हात सैल सोड. आणि ज्या बाईला मी पंधरा-वीस दिवसांपूर्वी लबाड ठरवलं होतं तिच्या शेजारी आज दुसरी बसलीय, म्हणून माझ्या पोटात दुखायला लागलं. आईनं विचारलं, ऊन लागलं का? मी हो म्हटलं.

परत गेले तर आत्याबाई अंगणात शेजारणीला सांगत होत्या की थोरलीच्या हातचा मांडा यंदा एकही फाटला नाही. अक्का तिथंच बसून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. हातात चार-चारच बांगड्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि कोणी विचारायच्या आत पाणी शेंदायला निघून गेले.

पुढच्या वर्षी चैत्री पौर्णिमेच्या चार दिवस आधीच अक्कांच्या भावाचं कार्ड आलं, बहिणीला यंदा नक्की पाठवा म्हणून. तो विसरला नव्हता. कसा विसरेल? आत्याबाईंनी ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि समाधानानं देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलं. अक्का दळण घेऊन आत गेल्या.

पूजा झाल्यावर आत्याबाईंनी रुपया माझ्या हातात दिला. "आते तूच उडाव. मना डोयासले दिखत नही." डोळ्यांना खरंच दिसत नव्हतं की ताम्हनाचा राग होता, ते मी विचारलं नाही. ताम्हन शेजारीच होतं. मी ते घेतलं नाही. रुपया कपाळाला लावला, वीतभर उडवला, मुठीत झेलला आणि वर पदर घेतला.

पदराखाली पाहिलं. छापा होता.

अगदी स्वच्छ छापा, झिजलेला, ओळखीचा. खरं तेवढंच सांगायचं होतं. अक्का नरडाण्याची गाडी धरणार आणि मी खापरापुढे आत्याबाईंच्या शेजारी बसणार, माझ्या जागेवर, माझे मांडे घेऊन. वर्षभर मला तेच हवं होतं. कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती, नाणं साफ आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी मूठ घट्ट धरून थोडा जास्तच वेळ वाकून राहिले. मान वर केली तर अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली मान घालून त्या डाव्या हातातल्या बांगड्या एक एक करून मागे सरकवत होत्या.

"काटा," मी म्हटलं. "मी जातेय."

कोणाला न दाखवता मी रुपया देव्हाऱ्यात ठेवून दिला. पोटात दुखलं ते दुखलंच. अक्का उठल्या, चुलीमागचं खापर काढलं आणि आखाजीला अठरा दिवस असताना ते घासायला बसल्या.